पोस्टरवरचा जेसचा हात

त्या उन्हाळ्यात डंडी शहराच्या लॉकी भागात घरोघरी सकाळच्या चहाबरोबर एक नवा उद्योग सुरू झाला होता. काल कोण कुठल्या बाजूला गेलं ते पेपरात बघायचं. सप्टेंबरात मतदान होतं. स्कॉटलंडनं इंग्लंडबरोबरचा तीनशे वर्षांचा एकत्र संसार सोडून वेगळं बिऱ्हाड करायचं की नाही, एवढाच सवाल, आणि जबाबही दोनच, होय किंवा नको. पण लोकांना पटवायला नुसते पुढारी पुरत नव्हते. फुटबॉलपटू, गोल्फवाले, गायक, नट, टीव्हीवर स्वयंपाक करून दाखवणारे, सगळ्यांना दोन्हीकडून बोलावणी जात होती. ज्यानं तोंड उघडलं त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर.

नेटा ड्यूथीच्या घरी हे वाचून दाखवायचं काम तिचा नवरा डॉड करायचा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टोस्टचा चुरा पेपरावर, आणि आवाज असा की जणू मॅचचे निकाल सांगतोय.

"आज 'होय'वाल्यांना एक गायक मिळाला," तो म्हणाला.

"राहतो कुठे?" नेटानं ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"स्पेनमध्ये. समुद्रावर बंगला आहे म्हणे."

"म्हणजे त्याला मत नाही."

"मत नाही, म्हणून तर त्याचं मत छापलंय. आपल्याला मत आहे, तर आपलं मत कोण विचारतंय?"

डॉड स्वतः कुठल्या बाजूचा हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. उमेदीची वर्षं त्यानं गोदीत काढली होती, आणि गोदी बंद पडल्यावर शाळेत शिपाई म्हणून काम करून तो निवृत्त झाला होता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, ते माझं आणि मतपेटीचं आहे. नेटा मात्र 'होय'ची होती आणि लपवत नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत तागाच्या गिरण्या गेल्या, गोदी गेली, घड्याळांचा कारखाना गेला, आणि दरवेळी निर्णय कुठेतरी लांब, तिला न दिसणाऱ्या खोलीत झाला. पुढचं जे बरंवाईट व्हायचं ते निदान इथे बसून होऊ दे, असं तिला वाटायचं. पण वाटणं वेगळं आणि त्यासाठी भिंतीवर झळकणं वेगळं. आपला चेहरा कुणाच्या उपयोगाचा असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

कारण नेटा एके काळची स्टार होती, हे लॉकी विसरून गेली होती. बरीचशी नेटाही विसरली होती.

गाउरी गिरणीत ती लागली तेव्हा पंधरा वर्षांची होती. डंडी हे बायकांचं शहर. गिरण्यांना बायका स्वस्त पडायच्या, म्हणून बायका कामाला आणि पुरुष घरी चूल सांभाळायला, असं घराघरांत पिढ्यान् पिढ्या चाललेलं. नेटाचा बाप त्यातलाच. आई भोंगा झाला की निघायची आणि बाप पोरींच्या वेण्या घालायचा. त्याच्या वेण्या इतक्या घट्ट असायच्या की संध्याकाळपर्यंत भुवया वर ओढल्यासारख्या राहायच्या. चाळीमागच्या अंगणात चेंडू कसा अडवायचा, कसा टोलवायचा, हेही त्यानंच शिकवलं. त्याला मुलगा नव्हता, पण त्याबद्दल तो कधी हळहळला नाही. म्हणायचा, पाय पाहिजेत, बाकी काही नको.

गिरणीतल्या पोरी जेवणाच्या सुट्टीत मागच्या आवारात तागाच्या चिंध्यांचा गोळा करून खेळायच्या. त्यातूनच संघ उभा राहिला. नेटा पुढे, आणि गोलमध्ये जेस पेट्री. जेस सूतकताईच्या खात्यात होती, उंच, लांब हातांची, आणि डाव्या हाताची करंगळी अर्धीच, कारण उरलेली अर्धी कामाला लागल्या वर्षीच यंत्रानं घेतली होती. करंगळी गेल्यामुळे चेंडू हातात नीट बसतो, असं ती म्हणायची, आणि तो बसायचाही. नेटा लहानखुरी आणि बडबडी, जेस एक शब्द बोलायच्या आधी तीनदा विचार करणारी. गिरणीत भोंगा झाला की दोघी हातात हात घालून बाहेर पडायच्या, तर लोक म्हणायचे, बघा, खांब आणि खांबावरची चिमणी.

पुरुषांच्या क्लबांनी गवताचं मैदान द्यायला नकार दिला होता. बायकांच्या खेळानं गवत खराब होतं, असं कुणीतरी तोंड वर करून सांगितलंही. मग पोरी लाल राखेच्या मैदानावर खेळायच्या. त्या राखेवर पडलं की गुडघ्याचं सालटं निघायचं आणि राख आत राहून जायची. नेटाच्या डाव्या गुडघ्यात ती अजून आहे, निळसर डाग होऊन. अंगातले शर्ट पुरुषांच्या संघानं टाकून दिलेले. गोणपाटावर पट्टे मारायचा निळा रंग गिरणीत उरला होता, त्यात बुडवून ते निळे केले. पहिल्याच पावसात सगळ्यांच्या माना निळ्या झाल्या. पुढे कितीतरी दिवस लॉकीत निळी मान दिसली की लोक वाट करून द्यायचे.

आणि मग ती मॅच. सीमेपलीकडून, इंग्लंडातल्या एका बिस्किटांच्या कारखान्यातून, बायकांचा संघ आला होता. धष्टपुष्ट पोरी, खास शिवून घेतलेले पांढरे पोशाख, बरोबर स्वतःची बस. समुद्रावरून धुकं आलेलं, पलीकडचा गोल दिसेना. लॉकीतले बाप आणि नवरे पोरं कडेवर घेऊन, चहाच्या किटल्या घेऊन कडेला उभे. नेटानं तीन गोल मारले. तिसरा मारला तेव्हा धुक्यामुळे प्रेक्षकांना कळलंच नाही, तिच्या बापानं आवाजावरून ओळखलं आणि ओरडत सुटला. शेवटी पाहुण्यांना पेनल्टी मिळाली आणि जेसनं ती अर्ध्या करंगळीच्या हातानं बाहेर ढकलली. संध्याकाळच्या पेपरात संघाचा फोटो आला. खाली नेटाचं नाव आणि 'लॉकीची वीज' असं लिहिलेलं. इटलीतल्या एका क्लबाकडून बोलावणंही आलं, तिथे म्हणे बायकांना खेळायला घेत होते. आई अंथरुणाला खिळली होती, नेटा गेली नाही. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही. फक्त टीव्हीवर इटलीची मॅच लागली की उठून भांडी घासायला जायची.

दोन वर्षांत गिरणी बंद पडली आणि संघ पांगला. दोघी-तिघी ऑस्ट्रेलियाला गेल्या, कॅप्टन पुढे छातीच्या आजारानं गेली. नेटा शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि लॉकीतल्या दोन पिढ्यांना तिनं बटाटे वाढले. जेस हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. लग्नं झाली, पोरं झाली, जेसचा नवरा वारला, पण दर गुरुवारी दोघी बिंगोला एका बाकावर बसायच्या आणि नंतर खाटकाच्या दुकानातून मटण भरलेल्या दोन गरम ब्रायडी घेऊन नेटाच्या घरी चहाला यायच्या. ह्यात कधी खंड पडला नव्हता.

आदल्या वर्षी वाचनालयात बायकांच्या फुटबॉलचं छोटंसं प्रदर्शन लागलं होतं. तिथे तो जुना फोटो कुणीतरी मोठा करून लावला. बघून गेलेल्यांत एली मॅदर्स नावाची मुलगी होती, नर्सिंग शिकणारी, कोटावर 'होय'चा बिल्ला. मतदानाच्या वर्षी जूनमध्ये ती धापा टाकत नेटाचे जिने चढून आली.

तिचं म्हणणं सरळ होतं. बंगल्यांत राहणाऱ्या स्टार लोकांचा माणसांना कंटाळा आलाय. आम्हाला इथली स्टार हवी, जिच्या हातचं लोकांनी खाल्लंय आणि जिनं इंग्लंडला तीन गोल मारलेत.

"इंग्लंडला नाही गं," नेटा म्हणाली. "बिस्किटवाल्यांना."

पण तिचा चेहरा उजळला होता. तिनं चहा केला, गोड वड्यांचा डबा काढला, आणि एलीला मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. डॉड दारात उभा राहून ऐकत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्या गोलाची हकिकत त्यानंही तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकली.

निळ्या शर्टातला नेटाचा दुसरा फोटोच नव्हता. संघाचाच वापरावा लागणार होता. इथे नेटा थांबली. बाकीच्यांना आपण विचारलेलं नाही, काही तर विचारायच्या पलीकडे गेल्या आहेत, आणि जेस 'नको'ची आहे हे तर तिला पक्कं माहीत होतं. तिनं एलीला बजावलं, "फक्त मला ठेवा. बाकीच्या सगळ्यांना कापून टाका. त्यांच्या तोंडी मी 'होय' घालणार नाही."

एलीनं मान डोलावली, आणि सांगितलं तसंच केलं.

पोस्टर लागलं लॉकीच्या हमरस्त्यावर, खाटकाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर. बाविशीची नेटा, केस विस्कटलेले, गुडघ्याला चिखल, ओठ हसण्याआधी फाकतात तसे फाकलेले. खाली मोठ्या अक्षरांत, 'लॉकीची वीज म्हणते, होय'. लोक थांबून बघायला लागले. जिच्या हातचे बटाटे नाकं मुरडत खाल्ले ती बाई हीच, हे कळल्यावर पोटं सुटलेले बाप्ये रस्त्यात तिचा हात हातात घ्यायला लागले. एक जण म्हणाला, नेटामावशी, हे आधी कळलं असतं तर मी भाजी टाकली नसती. दूध आणायला जवळचं दुकान सोडून नेटा लांबच्या दुकानात जायला लागली, कारण त्या वाटेवर पोस्टर होतं. तिथे ती थांबायची नाही. फक्त चाल जरा हळू व्हायची.

मग गुरुवार आला. बिंगोच्या हॉलमध्ये त्यांच्या नेहमीच्या बाकावर जेस बसली नव्हती. ती दाराशी कोट घालूनच उभी होती. तिनं नेटाला बाहेर काढलं आणि रस्ता ओलांडून पोस्टरसमोर नेऊन उभं केलं.

"तुझ्या खांद्यावर काय आहे?"

नेटानं बघितलं. रोज बघत होती, पण बघत होती ती स्वतःला. फोटोत शेजारी उभ्या असलेल्या जेसनं तिच्या खांद्यावर हात टाकला होता. जेसला कापलं होतं, पण हात मनगटापर्यंत राहिला होता. चार बोटं खांद्यावर पसरलेली, त्यातली करंगळी अर्धी. लॉकीत तो हात कुणाचा हे पोरासोरांनाही सांगायला नको होतं.

"माझा मुलगा रोसाइथच्या गोदीत ब्रिटिश आरमाराची जहाजं बांधतो," जेस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वेगळं झालो तर त्या जहाजांचं काय, त्याच्या पोटाचं काय, ह्या काळजीनं माझा डोळा लागत नाही. आणि माझा हात इथे दिवसभर सगळ्यांना 'होय' म्हणत उभा. शेजारीण मला म्हणाली, बरं झालं बाई, शेवटी आमच्यात आलीस."

"अगं, मी तर मुद्दाम सांगितलं होतं की बाकीच्यांना कापा. तुला त्रास नको म्हणूनच..."

"कापलंस ना. मला कापलंस आणि हात तेवढा ठेवून घेतलास."

ह्यावर चुकलं म्हणायला हवं होतं. नेटाच्या ते जिभेवर आलंही होतं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं कौतुक करतंय आणि त्यात हिला एक हात खुपतोय, ह्याचा तिला राग आला, आणि तोंडून भलतंच गेलं.

"तुला कुणी विचारायला आलं नाही, ते लागलंय तुला."

जेसनं कोटाची बटणं लावली आणि ती चालू लागली.

त्यानंतर 'नको'वाल्यांचे कार्गिल मास्तर जेसकडे गेले. हे निवृत्त इतिहासाचे शिक्षक, गळ्याला बो, बोलणं अदबीचं. त्यांनी म्हणे नुसतं विचारलं, आणि जेसनं एका दमात हो म्हटलं. थोड्याच दिवसांत रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर जेस लागली. कुठल्यातरी मॅचमध्ये आडवी झेपावलेली, हात लांबवलेले, खाली 'लॉकीची भिंत म्हणते, नको'. आता दोघी समोरासमोर होत्या आणि मधून बस जायची. ह्या शहराचे दोन मोठे फुटबॉल क्लब एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे बाजू घेऊन भांडणं इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पबमध्ये थट्टा सुरू झाली. पेनल्टी कधी आहे, असं एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं मतदानाची तारीख सांगायची.

नेटानं बिंगोला जाणं सोडलं. जेस तर आधीच येईनाशी झाली होती. गुरुवारी संध्याकाळी डॉड एकटाच ब्रायडी आणायचा आणि दोघं टीव्हीसमोर बसून खायची.

"ह्यात कांदा कमी आहे," एकदा नेटा म्हणाली.

"कांदा तेवढाच आहे," डॉड म्हणाला. "माणूस कमी आहे."

एलीकडून बोलावणी येत होती. बाजारात उभ्या राहा, प्रचाराच्या बसपाशी या, ह्या ताईंबरोबर फोटो काढा. एली गुणी पोरगी होती, दरवेळी खुर्ची आणायची, गरम चहा आणायची. पण नेटाला हळूहळू जाणवायला लागलं की लोक आपल्याशी बोलत नाहीत, आपल्या शेजारी उभे राहतात. एका वार्ताहरानं विचारलं की तो निळा शर्ट घालताना मनात स्कॉटलंडच्या निळ्या झेंड्याचा विचार होता का. तिनं खरं ते सांगितलं, की निळा होता कारण गिरणीत तोच रंग उरला होता. ते त्यानं छापलं नाही.

ऑगस्ट सरता सरता लॉकीच्या चर्चमध्ये सभा ठरली. तिथल्या धर्मगुरू हॅलिबर्टनबाई खटपट्या होत्या. दोन्ही बाजूंच्या इथल्या नामवंतांना एका मंचावर बसवावं, लोकांनी प्रश्न विचारावेत, शेवटी सगळ्यांनी मिळून चहा प्यावा, अशी त्यांची कल्पना. हॉल खच्चून भरला. मंचाच्या एका टोकाला नेटा, एली आणि पूर्वी टीव्हीवर हवामान सांगणारा एक गृहस्थ. दुसऱ्या टोकाला जेस, कार्गिल मास्तर आणि डार्ट्सचा एक जुना विजेता. मधे हॅलिबर्टनबाई, हातात घंटा.

सुरुवात बरी झाली. मग हवामानवाला आणि डार्ट्सवाला ह्यांची पौंडावरून जुंपली. वेगळं झाल्यावर पौंड कुणाचा, हा प्रश्न त्या उन्हाळ्यात कुणालाच सुटला नव्हता, तो ह्या दोघांना सुटणार नव्हताच. खालून लोक ओरडायला लागले, खुर्च्या सरकल्या, घंटा वाजत राहिली आणि कुणालाच ऐकू येईना.

त्या गदारोळात नेटानं सहज पलीकडे बघितलं. जेस तिच्याकडेच बघत होती, आणि जेसचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. हात छातीशी धरून बोटांनी ती काहीतरी दाखवत होती.

गिरणीत माग सुरू झाले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. म्हणून पोरी ओठांनी आणि बोटांनी बोलायला शिकायच्या. खात्याच्या ह्या टोकाहून त्या टोकाला, शेकडो माग धडधडत असताना, कुणाचं लग्न ठरलं, कोण रुसलं, मुकादम कुठल्या बाजूनं येतोय, सगळं बिनबोभाट पोचायचं. गिरणी गेली आणि ती बोलीही गेली. चाळीस वर्षांत नेटा ती कुणाशी बोलली नव्हती. पण डोळ्यांना ती आठवत होती. जेस म्हणत होती, तुझं तिसरं बटण उघडंय.

नेटानं खाली बघितलं. उघडंच होतं. तिनं ते लावलं आणि नकळत तिचीही बोटं चालू लागली. हवामानवाल्याचा टोप बघ, ती म्हणाली, वारा सुटलाय त्याला. जेसनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. केसांचा टोप खरोखरच कानाकडे उतरला होता. जेसचे ओठ घट्ट मिटले, मग खांदे हलायला लागले.

मग नेटानं हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले, आणि सावकाश एक एक शब्द जुळवत म्हटलं, चुकले मी. हात तुझा होता.

जेसनं कानामागे तळवा धरला. ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल.

नेटा फुटलीच. तिचं हसू बघून जेस फुटली. हवामानवाला बोलता बोलता थांबला, त्याला वाटलं आपल्यालाच हसतायत, आणि त्यात तो अगदीच चुकला नव्हता. हॉल हळूहळू गप्प झाला. मंचाच्या दोन टोकांना दोन म्हाताऱ्या डोळे पुसत बसल्या होत्या आणि कुणाला काही कळत नव्हतं. खाली तिसऱ्या रांगेत गिरणीतल्या दोन जुन्या बायका होत्या, तेवढ्याच काय त्या तोंडावर रुमाल धरून होत्या.

हॅलिबर्टनबाईंनी संधी साधली आणि नेटाला बोलायला सांगितलं. आमच्या स्टार आहेत, त्यांनी सांगावं लोकांनी काय करावं ते.

नेटा उभी राहिली. एलीनं तिला मुद्दे सांगून ठेवले होते, ते सगळे डोक्यातून गेले होते.

"मी 'होय' म्हणणार आहे," ती म्हणाली. "ते मी माझ्या मनानं ठरवलंय आणि ते बदलणार नाही. पण मी तीन गोल मारले म्हणून तुम्ही माझं ऐकू नका. मी जन्मभर तुमच्या पोरांना जेवायला वाढलं, तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही, आणि पोटात काय जातंय हे मला तेव्हा ठाऊक होतं. गोल मारणाऱ्याला फक्त गोल कुठे आहे तेवढं कळतं. आणि आणखी एक. त्या पोस्टरवरचा हात जेस पेट्रीचा आहे. तो 'होय' म्हणत नाही. मी तिला न विचारता तो घेतला."

ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. मग जेस उठली. ती सभेत कधी बोलली नव्हती.

"मी 'नको' म्हणणार," ती म्हणाली. "पण धुक्यात मारलेला तो तिसरा गोल मला लांबून दिसला नाही, नुसता ऐकू आला. तो खरा होता. एवढंच."

टाळ्या तेव्हा वाजल्या. कार्गिल मास्तर आणि एली एकमेकांकडे बघत होते, ह्यातलं आपल्या कामाचं काय हे दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

चहाच्या वेळी एली हिरमुसून जेसकडे आली आणि म्हणाली की उद्याच मी त्या हातावर थिसलचं, स्कॉटलंडच्या त्या काटेरी राष्ट्रफुलाचं, चित्र चिकटवते. जेसनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "माझ्या हातावर काटे लावणार होय? राहू दे. आता सगळ्यांना ठाऊक झालंय." नेटानं सबंध पोस्टरच उतरवायची तयारी दाखवली, तर जेस म्हणाली, "उतरवलंस तर मी पलीकडून एकटीच कुणाकडे बघू?"

मतदानाच्या दिवशी दोघी बरोबरच शाळेत गेल्या. दाराशी दोन्हीकडची माणसं बिल्ले लावून उभी होती आणि एकमेकांना बिस्किटं देत होती. डॉड त्यांच्या मागे हात पाठीशी बांधून चालत होता.

निकालाच्या सकाळी नेटा खिडकीशी बसली होती. डंडीनं 'होय' म्हटलं होतं, आणि देशानं 'नको'. डॉडनं रेडिओ बंद केला होता आणि पेपर उघडलाच नव्हता. खाली रस्ता रोजच्यासारखा होता, शाळेची पोरं, दुधाची गाडी, आणि नेटाला त्याचाच राग येत होता. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. जेस आली, कोटावर बिल्ला नव्हता, हातात खाटकाकडची कागदी पिशवी. दिवस शुक्रवार होता, गुरुवार नव्हता.

तिनं पिशवी टेबलावर ठेवली. जिंकल्याचं, हरल्याचं, कशाचंच तिनं नाव काढलं नाही. स्वतःच किटली भरून ठेवली, तीन बशा काढल्या. नेटा रडायला लागली तेव्हा तिनं रडू दिलं. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "गार होतायत." मग नेटानं खाल्लं.

"आता सांगायला हरकत नाही," डॉड मधेच घसा साफ करत म्हणाला, "मी कुणाला दिलं ते."

"नको सांगूस," दोघी एकदम म्हणाल्या.

नगरपालिकेच्या माणसांनी पुढे पोस्टरं खरवडून काढली. एली नर्स झाली आणि उत्तरेला नोकरीला गेली. तिथून नाताळला कार्ड पाठवायची, दोघींना वेगवेगळं. आणि पुढच्या वसंतात शाळेच्या मुलींच्या संघाच्या बाई नेटाच्या दाराशी आल्या. मुलींनी पोस्टरं पाहिली होती, त्या दोन आज्या अजून जिवंत आहेत का असं विचारत होत्या. जिवंत असतील तर शनिवारी मैदानावर येतील का.

दोघी गेल्या. मैदान हिरवंगार, मऊ गवताचं. नेटा वाकून त्याला हात लावून बघत राहिली. पोरी अंगावर मापाचे शर्ट घालून आल्या होत्या, पाठीवर स्वतःची नावं. त्यांना त्या दोघींतली कोण कुठल्या बाजूची होती ते आठवत नव्हतं, एकीनं तर अगदी उलटंच सांगितलं, आणि कुणी तिला दुरुस्त केलं नाही. नेटा कडेला उभी राहून ओरडायची, जेस गोलमागे थर्मास घेऊन बसायची आणि गोलकीपर पोरीला अधूनमधून एखादा शब्द सांगायची. कितीतरी शनिवार असे गेले.

मग जेसचे गुडघे गेले आणि मुलानं तिला रोसाइथला आपल्याकडे नेलं. त्याची नोकरी टिकली होती. जायच्या दिवशी मुलाची गाडी खाली भोंगा वाजवत होती, आणि नेटानं तिला शिदोरी म्हणून चार ब्रायडी बांधून दिल्या.

नेटा अजून शनिवारी मैदानावर जाते, आता एकटी, हातात काठी घेऊन. घरी आली की कोट काढायच्या आत फोन वाजतो. ती पहिल्या मिनिटापासून सांगायला लागते, कुणी पास दिला, कोण पडली, गोल कसे झाले. पलीकडे जेस तिला पुरतं बोलू देते. मग विचारते, "ते जाऊ दे. गोलकीपर कशी खेळली?"